पिल्लू बघण्याआधी त्याची आई बघा

घरात कुत्रं आणायचं ठरलं की वाद सुरू होतो. मुलीला गोल्डन रिट्रीव्हर हवा असतो, बाबा म्हणतात राखणीला जर्मन शेफर्ड बरा, आणि आजी म्हणते एवढे पैसे कशाला घालवता, कोपऱ्यावरची कुत्री व्यालीय, त्यातलं एक उचलून आणा. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. पूर्वी तो हौसेचा असे. आता त्यात योग्य-अयोग्याचा प्रश्न शिरला आहे. विकत घेतलं तर नातेवाइकांत एखादी भाची तरी नाराज होते, आणि दत्तक घेतलं तर शेजारी विचारतात, "गल्लीतलंच आणलंत?"

हा प्रश्न ऐरणीवर आला तो सुप्रीम कोर्टामुळे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली मोकाट कुत्री उचलून कायमची निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची. पिसाळलेली, पिसाळल्याचा संशय असलेली आणि अंगावर धावून जाणारी मात्र सोडायची नाहीत. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतून कुत्री हलवण्याचा आणि तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. या सगळ्या धुरळ्यात २२ ऑगस्टच्या आदेशातली एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. ज्यांना इच्छा आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यावं, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची.

म्हणजे दत्तक घेणं आता कोर्टाच्या आदेशात आहे. मग विकत घेणं चूक का? माझं मत आधीच सांगतो. बहुतेक घरांनी दत्तक घ्यावं असं मला वाटतं. पण "विकत की दत्तक" एवढ्यावरच थांबलो तर जिच्या जिवावर हे सगळं चालतं ती नजरेआड राहते. ती म्हणजे पिल्लाची आई.

ब्रीड म्हणजे नेमकं काय?

माणसाने कुत्रा हजारो वर्षं कामासाठी निवडला. मेंढ्या राखणारा, शिकारीमागे धावणारा, वाड्यावर भुंकणारा. जो कामाला चांगला त्याची पिल्लं ठेवायची, बाकी दिसायला कसाही चालेल, असा तो हिशेब होता. हे बदललं एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडमध्ये. १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं संघटित प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. मग प्रत्येक जातीचं एक मानक लिहिलं गेलं: उंची किती, कान कसे, रंग कोणता, शेपटीची कमान कशी. त्या मानकात बसणाऱ्यांचीच वंशावळ नोंदवायची. नोंदवहीबाहेरच्या कुत्र्याशी संबंध आला की पिल्लं बाद.

आज आपण ज्याला "प्युअर ब्रीड" म्हणतो ते म्हणजे ही बंद झालेली नोंदवही. आपल्याकडे विक्रेते जो "पेपरवाला" कुत्रा म्हणून जास्त पैसे सांगतात, तो कागद आई-बापांची आणि आजोबा-पणजोबांची नावं सांगतो. कुत्रा निरोगी आहे, त्याच्या आईला नीट वाढवलं होतं, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. हा गैरसमज इतका पक्का आहे की चांगली शिकलेली माणसंसुद्धा कागद बघून निर्धास्त होतात.

सगोत्राचा प्रश्न

लग्नाचं स्थळ आलं की आपल्याकडे आधी गोत्र विचारतात. सगोत्र नको, सपिंड नको. आते-मामेभावंडांच्या लग्नाची सूट काही समाजांत आहे, पण सख्ख्या बहीण-भावाचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. यामागची जीवशास्त्राची बाजू सोपी आहे. प्रत्येकाच्या शरीरात काही बिघडलेली जनुकं असतात. जनुक म्हणजे आई-बापाकडून येणारी शरीराची एक सूचना. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. पण आई-बाप एकाच कुटुंबातले असले तर तोच बिघाड दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, आणि मग सांभाळायला कुणी उरत नाही.

आता बंद नोंदवहीचा विचार करा. थोड्या कुत्र्यांपासून सुरुवात, बाहेरचं रक्त नको, आणि प्रदर्शनात जिंकलेल्या एकाच नराला देशभरातल्या माद्या. दहा-वीस पिढ्यांत सगळी जातच एकमेकांची जवळची नातलग होऊन बसते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२१ मध्ये २२७ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अंतःप्रजननाचं सरासरी प्रमाण जवळपास २५ टक्के निघालं. सख्ख्या भावंडांच्या संबंधातून जन्मलेल्या पिल्लात जेवढं असतं तेवढं. जे आपण माणसांत पाप मानतो ते या कुत्र्यांत सरासरी आहे.

डॅल्मेशियनची गोष्ट इथे सांगायलाच हवी. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला हा कुत्रा सगळ्यांना माहीत आहे. ठिपके अधिकाधिक ठसठशीत व्हावेत म्हणून निवड होत गेली आणि त्या ओघात एक बिघडलेलं जनुक सगळ्या जातीत पसरलं. बाकीच्या कुत्र्यांत युरिक ॲसिडचं रूपांतर होऊन जातं, डॅल्मेशियनच्या लघवीत ते तसंच राहतं आणि खडे होतात. नरांत तर खडा अडकून लघवी बंद होते, आणि ते दुखणं जीवघेणं असतं. १९७३ मध्ये रॉबर्ट शाईबल नावाच्या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने एका डॅल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संबंध आणला. फक्त एकदा. त्यानंतर दर पिढीला पुन्हा डॅल्मेशियनशीच जोडी लावत आणि निरोगी जनुक असलेली पिल्लं निवडत गेले. काही पिढ्यांनी असे कुत्रे तयार झाले जे दिसायला अस्सल डॅल्मेशियन आणि लघवी मात्र निर्दोष. अमेरिकेच्या केनेल क्लबने या वंशाला नोंदवहीत जागा दिली २०११ मध्ये. अडतीस वर्षं औषध समोर होतं. "रक्त शुद्ध राहिलं पाहिजे" या हट्टापायी तोवर किती कुत्रे लघवी अडून तडफडले असतील, या विचाराने मला आजही संताप येतो.

ग्वाल्हेरच्या उन्हात पग आणि हस्की

आपल्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. माणूस घामाने थंड होतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांपुरताच. त्याचं शरीर थंड होतं ते लहालहा करून: तोंड उघडं, जीभ बाहेर, भराभर श्वास, आणि नाका-तोंडातल्या ओलाव्याचं बाष्पीभवन. त्यासाठी हवा मोकळी खेळली पाहिजे.

पग, फ्रेंच बुलडॉग, शित्झू यांची तोंडं माणसाने पिढ्यान्पिढ्या चपटी केली. हाड आखूड झालं, पण आतला मांसल भाग तेवढाच राहिला. मऊ टाळू घशात लोंबते, नाकपुड्या चिरेएवढ्या उरतात. पग झोपेत घोरतो ते गोड वाटतं, पण तो श्वासाला वाट शोधत असतो. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे फिरणारा पग दिसला आणि सगळ्या देशात पगची मागणी उसळली. त्यातले कितीतरी आपल्यासारख्या तापणाऱ्या शहरांत आले. सायबेरियन हस्कीचं नाक ठीक असतं, पण अंगावर दुहेरी केसांचा बर्फासाठी बनलेला कोट असतो. लोक सांगतात, आमचा हस्की एसीत असतो. म्हणजे धावायला जन्मलेला कुत्रा वर्षातले चार-पाच महिने एका खोलीत कोंडलेला असतो, आणि वीज गेली की त्याचा जीव टांगणीला.

काही देशांनी यावर कायद्याने हात घातला आहे. नेदरलँड्समध्ये तोंडाचा पुढचा भाग फार आखूड असलेल्या कुत्र्याची पैदास करता येत नाही. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलची पैदास बेकायदा ठरवली, कारण त्या जातीत हृदयाचे आणि कवटीचे आजार इतके पसरलेत की निरोगी जोडी निवडणंच अशक्यप्राय झालं आहे. भारतात असं काही नाही. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने तेवीस "हिंस्र" जातींच्या विक्रीवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केलं. त्या परिपत्रकातही चिंता माणसाला होणाऱ्या इजेची होती. कुत्र्याला जन्मतःच होणाऱ्या इजेचा विचार आपल्याकडे कायद्याच्या पातळीवर जवळजवळ झालेलाच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ग्वाल्हेरमध्ये पग किंवा हस्कीचं पिल्लू विकत घेऊ नये. कितीही चांगला ब्रीडर असला तरी.

पिल्लू येतं कुठून?

फोनवर फोटो येतो. भाव ठरतो. मग विक्रेता सांगतो, स्टेशनच्या बाहेर या, किंवा पेट्रोल पंपावर भेटा. सफरचंदाच्या खोक्यात वर्तमानपत्रावर बसलेलं पिल्लू हातात येतं. "पैंतालीस दिन का है, साब, दूध छोड़ दिया है." घरी सगळे खूश. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लू खाणं सोडतं, उलट्या होतात, रक्ताचे जुलाब होतात. पार्व्हो. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे घरी आल्यावर आजारी पडलेलं पिल्लू बहुतेक वेळा तिथूनच आजार घेऊन आलेलं असतं. विक्रेता म्हणतो, तुम्हीच काहीतरी खाऊ घातलं असेल.

२०१७ चे श्वान पैदास आणि विक्रीचे केंद्रीय नियम या सगळ्यावर बोट ठेवतात. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिची जोडी लावायची नाही, वर्षाला एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचांहून जास्त वेतं नाहीत, आणि जवळच्या नात्यात जोडी नाही. आता विक्रेत्याचं "पैंतालीस दिन" पुन्हा वाचा. तो गिऱ्हाइकाला जे कौतुकाने सांगतो तोच नियमभंगाचा कबुलीजबाब आहे, आणि खरं वय बहुधा त्याहूनही कमी असतं. तुम्हाला तपासायचं असेल तर पिल्लाचं तोंड उघडा. दोन महिन्यांच्या आसपास दुधाचे अठ्ठावीस दात जवळजवळ पूर्ण येतात. सुळ्यांमागे हिरड्या रिकाम्या लागल्या तर पिल्लू आईजवळ असायला हवं होतं.

दोन महिने हा आकडा दयेपोटी ठरवलेला नाही. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनात जग कसं आहे याचा साचा घडतो. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो. किती जोरात चावायचं नाही, हे तिथे कळतं. आई गुरगुरून शिस्त लावते. महिन्याच्या पिल्लाला खोक्यात घालून आणलं की हे शिक्षण तुटतं आणि ते घरातल्या मुलांच्या हातांवर शिकायचा प्रयत्न करतं.

पण पिल्लाचं काहीतरी होऊन जातं. त्याला निदान घर मिळतं. आई तिथेच असते. आमच्या शहरातल्या एका घराच्या गच्चीवर पत्र्याखाली बांधलेली अशी एक लॅब्राडॉर मी पाहिली. पिल्लं विकून झाली होती, सड अजून ओघळलेले, पोटावरची कातडी सैल. कोपरांवर काळे, केस गेलेले जाड घट्टे होते. ते सतत काँक्रीटवर झोपल्याने पडतात. नखं वाढून वळलेली, कारण चालून ती झिजायला तिला कुणी फिरवलंच नव्हतं. साखळीएवढ्या वर्तुळात ती फिरत होती. माणूस दिसल्यावर शेपूट हलवली तिने. लॅब्राडॉर हलवतेच. साधारण त्रेसष्ट दिवस गाभण, मग सहा-सात आठवडे दूध, आणि पुढच्या वेळी माजावर आली की पुन्हा नर. तिचं पिल्लू ज्या घरात गेलं असेल तिथे त्याचा वाढदिवस साजरा होत असेल, केकही कापत असतील. त्या घराने पैसे देताना तिला पाहिलं असतं तर खरेदी झाली असती असं मला वाटत नाही.

म्हणून विकत घेणाऱ्याला मी एकच अट सांगतो: आई दाखवा म्हणा. ती जिथे राहते तिथे जाऊन, पिल्लं तिच्या अंगाखाली असताना. "ती गावाकडे आहे", "नवीन माणूस पाहून चिडते", "मालक बाहेरगावी आहेत", यातलं कोणतंही उत्तर आलं तर तिथून निघा. आणि एक मोह होतो तोही टाळा. रोगट पिल्लाची दया येऊन "निदान याला तरी सोडवू" म्हणून पैसे देणं. त्या पैशाने पुढचं वेत ठरतं.

"पण चांगले ब्रीडरही असतात"

असतात. थोडे असतात, पण असतात, आणि त्यांना एका काठीने हाकणं अन्याय आहे. जो नर-मादीची तपासणी करतो, जर्मन शेफर्ड असेल तर नितंबाच्या सांध्याचा एक्स-रे काढतो (या जातीत हा सांधा ढिला असण्याचा आनुवंशिक दोष फार आहे), पिल्लांसाठी गिऱ्हाईक आधी ठरवतो, तुमचीच उलटतपासणी घेतो आणि काही कारणाने कुत्रं सांभाळता आलं नाही तर परत माझ्याकडेच आणा असं लिहून देतो, तो माणूस कुत्र्यांवर प्रेम करतो. असा माणूस वर्षभर दहा जातींची पिल्लं विकत नाही. त्याच्याकडे थांबावं लागतं.

कामासाठीच्या पैदाशीला तर माझा अजिबात विरोध नाही. ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला टेकनपूर लागतं. तिथे सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे. स्फोटकं हुंगणारा, माग काढणारा कुत्रा नशिबावर सोडता येत नाही. शांत डोकं आणि टिकाऊ शरीर पिढ्यांच्या निवडीतून येतं. गेल्या काही वर्षांत तिथे मुधोळ हाउंड आणि रामपूर हाउंड या भारतीय जातींनाही तयार करतात. रिया नावाच्या मुधोळ कुत्रीने २०२४ च्या अखिल भारतीय पोलिस ड्युटी मीटमध्ये ११६ विदेशी जातीच्या कुत्र्यांना मागे टाकून सर्वोत्तम श्वानाचा मान मिळवला. मराठी माणसाला मुधोळचं अप्रूप असायला हवं. घोरपड्यांच्या संस्थानाने ही जात जपली, आणि २००५ मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढलं.

"सगळ्यांनी दत्तकच घेतलं तर अशा देशी जाती नष्ट होतील" हा आक्षेप म्हणून मला मान्य आहे. पण तो आक्षेप घेणारे बहुतेक जण विकत घेतात ते पग आणि लॅब्राडॉर. त्या जाती नष्ट होण्याच्या जवळपासही नाहीत. आणि मुधोळ म्हणजे मैलोगणती धावणारा कुत्रा; कटोराताल भागातल्या फ्लॅटमध्ये तो सुखी राहील असं समजू नये.

"गल्लीतल्या कुत्र्याचा भरवसा काय?"

हा आक्षेप आजी सोडून सगळे घेतात. जातीचा कुत्रा निदान कसा निघेल ते माहीत असतं, हा त्यामागचा विश्वास. २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेला मोठा अभ्यास आला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे असतो, असं त्यातून दिसलं. रूप जातीने ठरतं. स्वभाव बराचसा त्या एका कुत्र्याचा असतो, आणि त्याला मिळालेल्या बालपणाचा. म्हणजे लॅब्राडॉर घेतला म्हणून तो मुलांशी गोडच वागेल ही खात्री कुणी देऊ शकत नाही.

गल्लीतल्या कुत्र्याची उलटी बाजूही सांगायला हवी, कारण दत्तकाचा प्रचार करणारे ती बऱ्याचदा लपवतात. रस्त्यावर वाढलेलं मोठं कुत्रं पहिले काही दिवस पलंगाखाली बसून राहू शकतं. त्याला जिना, मिक्सर, कुकरची शिट्टी काहीही माहीत नसतं. अनोळखी माणसावर ते भुंकतंच, आणि संधी मिळाली की दारातून सटकतं. कधी कुणी मारलं असेल तर हातात झाडू दिसला की दबतं किंवा दात दाखवतं. हे निवळायला काही आठवडे लागतात, पूर्ण रुळायला तीन-चार महिने धरा. तेवढा वेळ घरात कुणाकडे नसेल तर आणू नका.

लहान पिल्लू आणलं तर यातलं बरंच टळतं, पण रोगाची काळजी तीच राहते. रस्त्यावरच्या पिल्लालाही पार्व्हो होतो. म्हणून आणल्याच्या दिवशीच डॉक्टरकडे, जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी आणि त्यांचे पुढचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची लस तीन महिन्यांचं झालं की. रेबीजबद्दल भीती बाळगणं अगदी योग्य आहे. लक्षणं दिसू लागल्यावर त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. सरकारी आकड्यांनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. कोणतंही कुत्रं चावलं, अगदी घरातल्या लाडक्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लस घेतलेलं गावठी कुत्रं आणि लस घेतलेला जर्मन शेफर्ड यांच्यात रेबीजच्या दृष्टीने काही फरक नाही.

"एक पिल्लू उचलून काय होणार?"

संख्येच्या दृष्टीने काही होणार नाही. हे ऐकायला कडू आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात मोकाट कुत्री १ कोटी ५३ लाख मोजली गेली. दत्तकाने हा आकडा हलत नाही. हलतो तो नसबंदीने, आणि तीही एका भागातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांची थोड्या काळात झाली तर. इकडे दहा, तिकडे पाच अशी विखुरलेली नसबंदी केली की उरलेल्या माद्या ती जागा भरून काढतात. २०२३ च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे हे काम पालिकेचं आहे.

मग तुमच्या हातात काय? पुन्हा आई. कोपऱ्यावरच्या कुत्रीचं एक पिल्लू तुम्ही आणलंत आणि तिला तशीच सोडलीत, तर सहा-आठ महिन्यांत ती पुन्हा व्यालेली असेल. त्या पाच-सहा पिल्लांतली बरीचशी गाडीखाली किंवा आजाराने मरतील आणि जी जगतील त्यांतल्या माद्या वर्षाच्या आत स्वतः व्यायला लागतील. म्हणून पिल्लू आणताना, पिल्लांचं दूध सुटलं की त्या आईच्या नसबंदीचीही जबाबदारी घ्या. पालिकेकडे तक्रार नोंदवा, तिथे रांग असेल तर चार घरांनी वर्गणी काढून खासगी डॉक्टरकडून करून घ्या. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच पाडतात, त्यामुळे पुन्हा तिला कुणी त्याच कारणासाठी पकडत नाही. जे घर पिल्लू आणून आईलाही सोडवतं त्याने गल्लीचा प्रश्न खरोखर थोडा हलका केला.

"ब्रीडच हवं" असं घरात ठरलंच असेल तर

तरीही विकत घ्यायची गरज क्वचितच पडते. लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलेली, बदलीमुळे अडचण झालेली, आजारी पडून खर्चिक झालेली, पैदाशीला निकामी झाल्यावर सोडून दिलेली जातीची कुत्री शहराशहरांत स्वयंसेवकांच्या घरी पडून आहेत. फूलबागेजवळ पट्टा काढून सोडलेला लॅब्राडॉर दोन दिवस त्याच जागी मालकाची वाट बघत बसतो, कारण त्याला दुसरं काही माहीत नाही. कुत्रं असं टाकून देणं १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांत तो वाढवलेला नाही. यावर खासदारांना पत्रं लिहिली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

अशा कुत्र्याचं वय चार-पाच असतं, लसी झालेल्या असतात, शू कुठे करायची हे कळतं, आकार किती वाढणार हेही समोर दिसतं. आजार असेल तर तोही आधीच कळतो. पिल्लाच्या बाबतीत यातलं काहीच माहीत नसतं.

मुलं पुण्याला जातात, कुत्रं इथेच राहतं

हा भाग खास आपल्या लोकांसाठी. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली मुलं शिकायला आणि नोकरीला पुणे, बेंगळुरू, पुढे परदेशात जातात. अकरावीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेला लॅब्राडॉर बारा वर्षं जगतो. मुलगा दोन वर्षांत जातो. उरतात सत्तरीकडे झुकलेले आई-वडील आणि तीस किलोचा कुत्रा, जो मांजर दिसलं की साखळी ओढतो. वडील पडतात, खुब्याचं हाड मोडतं, आणि मग कुत्र्याला "कुठेतरी देण्याची" धावपळ सुरू होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत, शेजारपाजारी माणसं होती तेव्हा हे निभावत असे. आता दोन माणसांच्या फ्लॅटमध्ये निभत नाही.

म्हणून कुत्रं आणताना घरात जे बारा वर्षांनी असणार आहेत त्यांचं मत सगळ्यात जास्त धरा. निवृत्त जोडप्याला पिल्लू देऊच नये असं मी म्हणेन. त्यांच्यासाठी पाच-सहा वर्षांची, पंधरा किलोच्या आतबाहेरची, शांत झालेली, नसबंदी केलेली गावठी मादी उत्तम. तिला दिवसाला दोन फेऱ्या पुरतात, वरण-भातात थोडं अंडं किंवा चिकन घातलं की ती आनंदाने खाते, आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा तिच्या शरीराला पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. देणाऱ्या स्वयंसेवकाला आधी विचारा की पंधरा दिवस घरी ठेवून पाहू का. चांगले स्वयंसेवक स्वतःच हा प्रस्ताव ठेवतात, आणि जमलं नाही तर न रागावता परत घेऊन जातात.

आणायची वेळही नीट निवडा. मे-जूनमध्ये नको, प्रवास आणि जागा बदलण्याचा ताण त्यात उन्हाची भर. दिवाळीच्या तोंडावर तर मुळीच नको. नवीन घर, नवीन माणसं आणि वर फटाके, असं झालं की कुत्रं घाबरून पळतं आणि परतीचा रस्ता त्याला अजून माहीत नसतो. तुळशीचं लग्न होऊन फटाके थांबले की आणा, गळ्यातल्या पट्ट्यावर पहिल्याच दिवशी तुमचा फोन नंबर लिहा, आणि पहिले काही आठवडे फिरवताना साखळी हातातून सोडू नका.